विश्रामबागेतला रविवारचा पायथन शिकवणीवर्ग : ‘वारसा’ या शब्दाची फोड करून इनहेरिटन्स शिकवणारी जागा

मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेबाचे काम पाहतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे, टॅली हाताखालची, एक्सेलमध्ये बऱ्यापैकी गती. पण स्वतः प्रोग्राम लिहिण्याचा अनुभव अजिबात नव्हता. हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, तयार करताना तीच तीच आकडेमोड वेगवेगळ्या फायलींत करावी लागते, आणि एका फायलीत केलेली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते. या त्रासातून सुटका व्हावी म्हणून मी विश्रामबाग भागातील या शिकवणीवर्गाच्या ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, पायथनमधून’ या दहा रविवारांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. शुल्क ४,८०० रुपये होते, वेळ सकाळी १० ते दुपारी १, आणि आमच्या तुकडीत आम्ही चौदा जण होतो. बहुतेक जण महाविद्यालयातले. माझ्या वयाचे आम्ही दोघेच.

दहांपैकी चार रविवार इनहेरिटन्ससाठी राखून ठेवलेले होते. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे (मेथड) एकत्र मांडणारा साचा, त्या साच्यातून घडते ते ऑब्जेक्ट, आणि एका क्लासमधले सगळे दुसऱ्या क्लासला मिळणे म्हणजे इनहेरिटन्स. नवशिक्यांच्या अभ्यासक्रमात या एका विषयाला सहसा तास-दोन तास मिळतात, हे लक्षात घेता हा निर्णय मला प्रथम विचित्र वाटला. आता तोच या वर्गाचा सर्वांत मोठा गुण वाटतो, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या चार रविवारांविषयी आहे.

त्याआधी माझी पूर्वतयारी सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय तुलना होणार नाही. मी यापूर्वी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी महिनाभर शिकवणी लावली होती. तिथे फळ्यावर ‘प्राणी’ हा क्लास लिहून त्याखाली ‘कुत्रा’ आणि ‘मांजर’ लिहिले गेले, कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते असे दोन प्रिंट झाले, आणि विषय संपला. व्याख्या पाठ झाली. परंतु माझ्या पट्टीच्या हिशेबात याचा उपयोग कुठे, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. त्यामुळे या वर्गाच्या चौथ्या रविवारी शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर ‘वारसा’ हा शब्द लिहिला तेव्हा पुन्हा तेच ऐकावे लागणार असे मला वाटले होते.

तसे झाले नाही. मॅडमनी विचारले, “तुमच्यापैकी कोणाच्या घरी सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आहे?” चौदापैकी नऊ हात वर झाले. मग त्यांनी विचारले की नोंद कधी होते आणि झाल्यावर जमिनीचे काय होते. उत्तरे सर्वांना ठाऊक होती : वडील गेल्यानंतर नोंद होते, पुढे वाटप झाले की जमिनीचे तुकडे पडतात, एका भावाला मिळालेला तुकडा दुसऱ्याला मिळत नाही, आणि प्रत्येक बदलासाठी नवा फेरफार करून घ्यावा लागतो. मॅडम म्हणाल्या, “आता यातली प्रत्येक गोष्ट डोक्यातून काढून टाका.” प्रोग्राममध्ये मूळ क्लास जिवंतच राहतो आणि त्याचे कामही चालू असते; त्याखालच्या प्रत्येक क्लासला त्यातले सगळेच्या सगळे मिळते, वाटप होत नाही; आणि मूळ क्लासमध्ये उद्या एखादी मेथड वाढवली, तर ती खालच्या सर्वांना कोणत्याही फेरफाराशिवाय मिळते. एका शब्दाने मनात आपोआप उभे राहणारे चित्र आधी पुसून मगच पुढे जाण्याची ही पद्धत मला कोणत्याही व्हिडिओत आढळलेली नव्हती.

त्याच तासात ‘पॅरेंट’ (मूळ क्लास) आणि ‘चाइल्ड’ (त्याखालचा क्लास) या शब्दांचीही अशीच झडती झाली. मुलगा हा वडिलांचा एक प्रकार नसतो. तो वेगळा माणूस असतो. पण चाइल्ड क्लासचे ऑब्जेक्ट हे पॅरेंट क्लासच्याच प्रकारचे ऑब्जेक्ट असते, म्हणून जिथे शेतमाल चालतो तिथे हळद चालायलाच हवी. माणसांच्या नात्यावरून अर्थ लावला तर ही गोष्ट कधीच उमगत नाही, आणि माझ्या मते नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

थोडा इतिहासही सांगितला गेला, आणि तो विषयाशी जोडून सांगितला गेला हे महत्त्वाचे. क्लास आणि उपक्लास ही कल्पना ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी रचलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतून आली. प्रत्यक्षातल्या घडामोडींची प्रतिकृती संगणकावर चालवून पाहणे हे त्यांचे मूळ काम होते. त्या भाषेत मूळ क्लासचे नाव नव्या क्लासच्या आधी लिहिले जाई आणि त्या क्रियेला उपसर्ग लावणे अशा अर्थाचे नाव होते. मराठी व्याकरण शिकलेल्या माणसाला हे ऐकून आनंद होतो. ‘हार’ या शब्दाला ‘प्र’, ‘आ’, ‘वि’ लावून प्रहार, आहार, विहार होतात, तेव्हा मूळ शब्द मरत नाही आणि त्याचे तुकडेही पडत नाहीत. अर्थात उपसर्गाने मूळ शब्दाचा अर्थ पार बदलतो, तर क्लासमध्ये तो तसा बदलणे धोक्याचे असते, ही मर्यादा मॅडमनी लगेच दाखवली. पुढे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जे काम सुरू केले आणि ज्यातून सी प्लस प्लस ही भाषा तयार झाली, त्याची प्रेरणाही सिम्युलाच होती. डाल आणि न्यूगार्ड यांना संगणकशास्त्रातला २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये दोघांचेही निधन झाले. हे सगळे सांगायला वीस मिनिटे लागली असतील.

यानंतर प्रत्यक्ष काम सुरू झाले. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या व्यवहारातले उदाहरण घ्यायचे होते. मी साहजिकच हळद आणि बेदाणा घेतला. पहिल्या टप्प्यात मॅडमनी मुद्दाम दोन स्वतंत्र क्लास लिहायला लावले : दोन्हींत शेतकऱ्याचे नाव, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी पट्टी. मग त्यांनी हमालीचा दर बदलायला सांगितला. मी हळदीत बदलला आणि बेदाण्यात विसरलो; माझ्या शेजारच्या मुलीने दुधाच्या संकलनाचे उदाहरण घेतले होते, तिचेही तेच झाले. दुकानात ज्या चुकीने मला इथवर आणले होते, तीच चूक माझ्यासमोर वर्गात घडली. त्यानंतरच ‘शेतमाल’ हा मूळ क्लास लिहून सामाईक गोष्टी त्यात हलवण्यात आल्या. दुखणे आधी आणि औषध नंतर हा क्रम पाळल्यामुळे इनहेरिटन्स कशासाठी असते हे वेगळे सांगण्याची गरजच उरली नाही.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लासची आणि मेथडची नावे देवनागरीत लिहिता येतात, हे मला इथेच कळले. भाषेचे राखीव शब्द रोमनमध्येच राहतात, पण आपली नावे आपल्या लिपीत देता येतात, आणि नवशिक्याला त्यामुळे भाषेचा शब्द कोणता आणि स्वतः दिलेले नाव कोणते हे एका नजरेत दिसते. एक अडचण मात्र येते : काही मराठी कळपाट ‘शेतकऱ्या’तला अर्धा र लिहिताना मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात, आणि पायथन ते नावात स्वीकारत नाही. शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो आणि तरीही चूक दाखवली जाते. देवनागरीत नावे देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या चुकीविषयी, कारण तिच्यामुळे मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला. हळदीचा दर क्विंटलवर बोलला जातो आणि बेदाण्याचा किलोवर. मी शेतमाल या क्लासमध्ये एकूण_किंमत ही मेथड क्विंटलच्या हिशेबाने लिहिली होती आणि बेदाण्यात ती ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच नावाने नव्याने, किलोच्या हिशेबाने लिहिली होती. हळदीची २५ पोती, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे १,२५० किलो; दर १४,००० रुपये धरला तर १,७५,००० रुपये, आणि हे उत्तर बरोबर आले. बेदाण्याचे २० बॉक्स, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ३०० किलो. दर १८० रुपये धरला तर ५४,००० रुपये यायला हवे होते. उत्तर आले ५४० रुपये. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, प्रोग्राम थांबला नाही, पट्टी नीटनेटकी छापली गेली. फक्त शेतकऱ्याच्या पदरात शंभरावा हिस्सा पडला.

पाऊण तास मी सूत्र तपासत होतो. शेवटी शेजारची मुलगी म्हणाली, “काका, तुमचा ‘एकुण’ ऱ्हस्व आहे.” मूळ क्लासमध्ये मी ‘एकूण’ दीर्घ लिहिले होते आणि बेदाण्यात ऱ्हस्व. पायथनच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मेथड होत्या. बेदाण्याच्या क्लासमध्ये एकूण_किंमत सापडली नाही म्हणून पायथन वर शेतमालाकडे गेले, तिथे ती सापडली, आणि क्विंटलचा हिशेब लागला. मी ओव्हरराइड केले नव्हतेच. मी एक नवी, कोणीही कधी न बोलावणारी मेथड लिहिली होती.

मॅडमनी ही चूक सर्वांसमोर फळ्यावर मांडली, माझी परवानगी घेऊन, आणि तिच्यावर पुढचा संपूर्ण तास उभा केला. जावा या दुसऱ्या भाषेत २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ओव्हरराइड अशी खूण मेथडच्या डोक्यावर लिहिता येते आणि वर तशी मेथड नसेल तर प्रोग्राम चालण्याआधीच त्याचे भाषांतर करणारा कंपायलर अडवतो. पायथनमध्ये तशी खूण २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत आली, पण प्रोग्राम चालताना ती काहीच अडवत नाही, वेगळे तपासणीचे साधन वापरले तरच तिचा उपयोग होतो. त्यापेक्षा मुळातला दोष पाहा, असे त्या म्हणाल्या. शेतमाल म्हणजे नेमका कोणता माल? सगळ्या मालाला लागू पडेल असा किमतीचा हिशेबच नसेल, तर मूळ क्लासमध्ये तो लिहिला कशासाठी? मग त्यांनी ॲबस्ट्रॅक्ट मेथड शिकवली : मूळ क्लासने फक्त एवढेच जाहीर करायचे की एकूण_किंमत असलीच पाहिजे, आणि ती ज्या क्लासमध्ये लिहिली जाणार नाही त्याचे ऑब्जेक्टच तयार होऊ द्यायचे नाही. मी तसा बदल केला, ऱ्हस्व ‘एकुण’ मुद्दाम तसाच ठेवला, आणि या वेळी बेदाण्याचे ऑब्जेक्ट तयार होण्याच्या क्षणीच प्रोग्राम थांबला. चुकीची पट्टी छापली जाण्यापेक्षा प्रोग्राम थांबणे किती चांगले, हे हिशेबनिसाला समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत अवघड वाटलेला भाग याच्या पुढचा होता. पट्टी_तयार_करा ही मेथड फक्त शेतमालात आहे आणि ती आतून एकूण_किंमत बोलावते. बेदाण्याच्या ऑब्जेक्टवर पट्टी_तयार_करा म्हटले की पायथन आधी बेदाण्यात शोधते, नाही सापडले म्हणून शेतमालात जाते आणि तिथली मेथड चालवू लागते. आता आपण शेतमालाच्या आत आहोत. मग आतून बोलावलेली एकूण_किंमत शेतमालाची का नाही? मला हे दोनदा समजावून घ्यावे लागले. शोध प्रत्येक वेळी ऑब्जेक्टच्या स्वतःच्या क्लासपासून नव्याने सुरू होतो, ओळ कोणत्या क्लासमध्ये लिहिली आहे याला महत्त्व नसते. मॅडमनी दुकानातल्या छापील पट्टीचे उदाहरण दिले. पट्टीचा कोरा नमुना सर्व मालांसाठी एकच छापून घेतलेला असतो; पण त्यातल्या ‘एकूण’ या रकान्यापाशी आल्यावर समोर जो माल आहे त्याच्या रीतीने हिशेब केला जातो. नमुना छापणाऱ्याला बेदाणा ठाऊक असण्याची गरज नसते. सिम्युला ६७ मध्येही ही सोय होती, सी प्लस प्लसमध्ये ती मिळवण्यासाठी मेथडला तशी खूण करावी लागते, आणि पायथनमध्ये ती नेहमीच असते. उद्या एखादा नवा माल आला तर पट्टीच्या मेथडला हात न लावता तो सामावून घेता येतो, याचे कारण ही एकच गोष्ट आहे. या वर्गाने तिच्यासाठी पूर्ण दीड तास दिला, आणि तो वेळ सार्थकी लागला.

कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडच्या (पायथनमध्ये ‘इनिट’), बाबतीत मात्र निम्मा वर्ग अडखळला. बेदाण्याला प्रत हवी, हळदीला हळकुंड की गड्डा हे हवे, म्हणून आम्ही प्रत्येक चाइल्ड क्लासमध्ये स्वतंत्र इनिट लिहिले आणि पट्टी काढताच ‘वजन’ नावाचे काही या ऑब्जेक्टवर नाही असा संदेश आला. स्वतःचे इनिट लिहिले की पायथन वरचे इनिट आपोआप चालवत नाही. सुपर म्हणून ते स्पष्टपणे बोलावावे लागते. मॅडमनी उत्तर लगेच दिले नाही. चुकीचा संदेश मोठ्याने वाचायला लावला, वजन कोण ठेवते ते विचारले, आणि ते वरचे इनिट चालले का ते शोधायला लावले. इथेच आणखी एक गैरसमज दूर झाला : वारशाने मिळते ती व्यवस्था, मूल्य नव्हे. माझ्या हळदीच्या ऑब्जेक्टला दुसऱ्या कोणाचे वजन मिळत नाही; वजन ठेवण्याची रीत मिळते. याच्या उलट, एका मुलाने मूळ क्लासच्या पातळीवरच नोंदींची एक रिकामी यादी ठेवली होती, आणि त्याच्या गाईच्या दुधाच्या नोंदी म्हशीच्या यादीत दिसू लागल्या, कारण ती यादी सर्वांमध्ये मिळून एकच होती. अशा चुका मुलांना करू देणे आणि मग त्या सोडवून दाखवणे यासाठी धीर लागतो, आणि तो मॅडमकडे भरपूर आहे.

या चार रविवारांपैकी शेवटचा रविवार इनहेरिटन्स कुठे वापरू नये यासाठी होता. बहुतेक ठिकाणी हा भाग शिकवलाच जात नाही. इंग्रजी पुस्तकांत यासाठी ‘इज’ (आहे) आणि ‘हॅज’ (जवळ आहे) अशी दोन क्रियापदांची कसोटी देतात. पण मराठीत ‘हळद हा शेतमाल आहे’ आणि ‘दुकानाकडे हळद आहे’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच असते, त्यामुळे आपली फसगत होते. मॅडमनी सुचवले की क्रियापदाकडे पाहू नका, नामाच्या शेपटाकडे पाहा. दोन्ही नामे मोकळी असतील तर इनहेरिटन्सचा विचार करा. एकाला ‘कडे’, ‘त’, ‘ला’ असे काही लागत असेल, तर ते ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या आत ठेवा. ‘पावतीत माल आहे’, म्हणून पावती हा मालाचा चाइल्ड क्लास नव्हे. ही कसोटी प्रत्येक वेळी पुरेशी ठरेल असे त्यांनीही म्हटले नाही, परंतु मराठीत विचार करणाऱ्यासाठी इतकी उपयुक्त खूण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ती अपुरी कुठे पडते हेही दाखवले गेले. तुकडीतल्या एकाने ‘नमुना’ हा शेतमालाचा चाइल्ड क्लास केला होता. सौद्यात मांडलेला नमुना हा शेतमालच असतो, वाक्यही मोकळे आहे. पण नमुना विकायचा नसल्यामुळे त्याच्या एकूण_किंमत या मेथडमध्ये त्याने मुद्दाम चूक उभी केली होती. दिवसभराच्या मालाची बेरीज करताना यादीत नमुना आला आणि बेरीज तिथेच थांबली. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेले तत्त्व इथे सांगितले गेले : मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तर मूळ प्रकारावर विसंबून लिहिलेला प्रोग्राम बिघडता कामा नये. नमुन्याने शेतमालाचे वचन पाळले नाही, म्हणून तो शेतमालाचा चाइल्ड क्लास होऊ शकत नाही, बोलीत आपण काहीही म्हणोत.

मोठ्यांच्याही अशा चुका होतात, याचे उदाहरण जावातून दिले गेले. जावाच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात ‘स्टॅक’ नावाचा क्लास आहे. स्टॅक म्हणजे पोत्यांची थप्पी : वर ठेवायचे आणि वरूनच काढायचे. पण हा क्लास ‘व्हेक्टर’ या यादीच्या क्लासपासून इनहेरिट केलेला असल्याने यादीच्या सगळ्या मेथड त्याला मिळाल्या, आणि थप्पीच्या मधले पोते ओढून काढण्याची किंवा मध्येच घुसवण्याची मोकळीक राहून गेली. जुने प्रोग्राम मोडतील म्हणून ती काढताही येत नाही. आज जावाचे अधिकृत दस्तऐवज त्याऐवजी दुसरा प्रकार वापरायला सांगतात. आमच्या यार्डात थप्पीच्या मधले पोते कोणी ओढले तर काय होते हे मला चांगलेच ठाऊक आहे, त्यामुळे हे उदाहरण माझ्या डोक्यात पक्के बसले.

त्याच दिवशी ५४० हा आकडा पुन्हा भेटला. मॅडमनी शेतमाल या मूळ क्लासमध्ये वजन किलोऐवजी क्विंटलमध्ये ठेवायला सांगितले. हळदीचा हिशेब त्याप्रमाणे बदलला आणि तो बरोबर आला. बेदाण्याच्या क्लासला मी हातही लावला नव्हता, पण तो आतून वरचेच वजन घेत असल्यामुळे ३ गुणिले १८० झाले. पहिल्या वेळी चूक माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची होती. या वेळी बेदाण्याच्या क्लासमध्ये एकही अक्षर चुकीचे नव्हते. मूळ क्लासमधला बदल सर्वांपर्यंत विनासायास पोहोचतो हा जो लाभ पहिल्या दिवशी सांगितला होता, त्याचीच ही दुसरी बाजू आहे, आणि दोन्ही बाजू एकाच आकड्यातून दाखवण्याइतकी काळजी घेणारा शिक्षक मला यापूर्वी भेटला नव्हता.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, आणि त्यातली एक गंभीर आहे. वर्गात दिल्या जाणाऱ्या छापील टिपा मूळच्या जावाच्या तुकडीसाठी तयार केलेल्या आहेत आणि त्या पायथनसाठी नीट तपासलेल्या नाहीत. त्यांत लिहिले आहे की एका क्लासला एकच पॅरेंट क्लास असू शकतो. जावात हे खरे आहे, पायथनमध्ये नाही. त्यांत असेही आहे की मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर आपोआप चालतो; जावात विनापॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर खरोखरच आपोआप चालतो, पण पायथनमध्ये ज्या चुकीने निम्मा वर्ग अडला ती नेमकी हीच समजूत होती. मॅडम तोंडी दुरुस्ती सांगतात. परंतु घरी जाऊन टिपा वाचणारा विद्यार्थी, विशेषतः एखादा रविवार चुकलेला, चुकीचेच शिकेल. ४,८०० रुपये घेणाऱ्या संस्थेने टिपांची तीन-चार पाने बदलून देणे अवघड नाही. मी हे कार्यालयात दोनदा सांगितले. माझी तुकडी संपेपर्यंत टिपा तशाच होत्या.

एकापेक्षा अधिक पॅरेंट क्लास असले तर काय होते हा भाग जेमतेम पंधरा मिनिटांत उरकला गेला. २००३ च्या २.३ आवृत्तीपासून पायथन शोधाचा क्रम एका ठरावीक नियमाने लावते, एवढे समजले. तो क्रम छापून पाहायला शिकवले. पण सुपर त्या क्रमानुसार पुढे कसे जाते याचा सराव झाला नाही. नवशिक्यांना त्याची गरज लगेच पडत नाही हे मला मान्य आहे, तरीही मग अभ्यासक्रमाच्या पत्रकात तो विषय ठळक अक्षरांत लिहायला नको होता.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. चौदा जणांसाठी दहा संगणक आहेत, म्हणून स्वतःचा लॅपटॉप असेल तर न्यावा. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तासांचे चित्रीकरण मिळेल असे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते, ते मिळाले नाही.

ज्यांनी व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन इतपत शिकून घेतले आहे आणि ज्यांच्या हाताशी स्वतःचा एखादा खरा व्यवहार आहे, मग तो दुकानाचा असो, डेअरीचा असो वा बचत गटाचा, त्यांनी इथे अवश्य यावे. केवळ परीक्षेपुरत्या व्याख्या हव्या असणाऱ्यांना ही गती फार संथ वाटेल. जावा शिकायची असेल त्यांनी जावाच्याच तुकडीत जावे. प्रवेश घेताना टिपा सुधारल्या आहेत का हे कार्यालयात आवर्जून विचारावे, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी, कारण इथले खरे शिक्षण फळ्यावर होते.

गेल्या आठवड्यात मी आमच्या दुकानासाठी ‘गूळ’ हा नवा क्लास लिहिला. रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या ठेवण्यासाठी स्वतःचे इनिट, त्यात पहिल्याच ओळीला सुपर, आणि दीर्घ ‘एकूण’ असलेली एक मेथड, अशा मिळून नऊ ओळी झाल्या. शेतमालाच्या क्लासला हात लावावा लागला नाही. पट्टी निघाली, आणि मी ती जुन्या वहीतल्या हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहिली तेव्हा रुपयाचाही फरक नव्हता.